उन्हात बघून सांगते

विनिताची ओढणी चुकलेली होती, आणि हे तिला एका परक्या माणसाने भर रस्त्यात सांगितलं. तेही नोकरीच्या पहिल्या दिवशी. आता बोला.

जानेवारीचा पहिला आठवडा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, सकाळी सव्वानऊला, ती एका चहाच्या टपरीपाशी थांबून ‘ऋतुरंग प्रोसेस’ कुठे आहे ते विचारत होती. अंगात नवा मोरपंखी कुर्ता, आणि कल्याणच्या मॅचिंग सेंटरमध्ये तासभर घालवून, दुकानदाराला अगदी जीव नकोसा करून आणलेली मोरपंखी ओढणी. टपरीवाला सांगणार तेवढ्यात बाकड्यावरचा एकजण ग्लास हातात घेऊन उठला.

“पुढच्या गल्लीत, डावीकडे. निळं गेट.” मग जरा थांबून, “आणि... एक सांगू? रागावणार नसाल तर.”

“काय?”

“ओढणी ट्यूबलाइटखाली घेतलीत ना?”

विनिताने ओढणी खांद्यावर घट्ट धरली.

“दुकानात एकदम जुळली असणार. इथे उन्हात बघा जरा. कुर्ता मोराचा आहे, ओढणी पोपटाची.”

तिने खाली पाहिलं. आणि खरंच की. कालपर्यंत एकजीव वाटणारे दोन रंग आता एकमेकांकडे पाठ करून बसले होते. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“तुमचा ओढण्यांचा धंदा आहे का?” तिने विचारलं.

“नाही. म्हणजे... थोडाफार.” तो हसला. हसताना त्याची डावी भुवई आधी वर जायची आणि मग ओठ हलायचे. विनिताला हे लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं, पण राहिलं ते राहिलं.

दहा मिनिटांनी ती निळ्या गेटातून आत गेली, मालक मितेशभाईंनी तिला जिना चढवून वरच्या लॅबमध्ये नेलं, आणि उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी दोन हातांत कापडाचे दोन तुकडे धरून तोच उभा होता.

“हे ओवेन मास्टर,” मितेशभाई म्हणाले. “ठाण्याहून येतात. आठ वर्षं झाली, अजून यांनी जुळवलेली एकही शेड परत आली नाही. मास्टर, ह्या विनिता. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास.”

“ओळख झालीय,” ओवेन म्हणाला. भुवई वर.

काम असं होतं. गिऱ्हाईक कापडाची एक चिंधी पाठवायचं, आणि ऋतुरंगने नेमक्या त्या रंगात शेकडो मीटर कापड रंगवून द्यायचं. त्यासाठी आधी लॅबमध्ये नमुना काढायचा. पुठ्ठ्याच्या कार्डावर तीन तुकडे चिकटवायचे, ए, बी आणि सी. एक किंचित फिका, एक नेमका, एक किंचित गडद. गिऱ्हाईक पसंतीच्या तुकड्यापुढे टिक करून सही करणार, मगच खाली मोठं मशीन सुरू होणार. मितेशभाईंनी अट सरळ सांगितली. “पाडव्यापर्यंत ट्रायल. तोवर स्वतःच्या जिवावर शेड पास करता आली तर तुम्ही पक्क्या. नाहीतर सर्टिफिकेट छान आहे, दुसरीकडे दाखवा.”

विनिताला वाटलं, त्यात काय एवढं. तीन वर्षं रसायनं कोळून प्यायली होती ती.

पहिल्या पंधरा दिवसांत ती सगळी उतरली. तिने काढलेली रंगांची टक्केवारी कागदावर बिनचूक असायची आणि कापडावर भलतंच काहीतरी उमटायचं. ती भांड्यातून तुकडा काढून धावत खिडकीपाशी जायची. “मास्टर, जुळलं.”

“वाळलंय का?”

“नाही, पण दिसतंय ना—”

“ओलं कापड खोटं बोलतं. गडद दिसतं, सुंदर दिसतं, वाळलं की खरं काय ते कळतं. ओलं बघून हो म्हणायचं नाही. आणि दिव्याखाली बघून तर नाहीच नाही. ते तुम्हाला मी टपरीवरच शिकवलेलं.”

“ते ओढणीचं किती दिवस ऐकवणार आहात?”

“तुम्ही ती ओढणी घालणं सोडाल तोपर्यंत.”

तिने दुसऱ्या दिवशीपासून ओढणी घालणं सोडलं. मग त्याला चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण दुपारी त्याने न मागता आपल्या डब्यातलं अर्धं कटलेट तिच्या झाकणात ठेवलं.

संध्याकाळी कल्याणजवळच्या मोहने गावातल्या घरी ती बाबांपाशी कुरकुरायची. तिचे बाबा, पंढरी, बावीस वर्षं तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात एकाच मशीनवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांना ते मशीन सोडून जगातलं दुसरं काही येत नव्हतं. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी रिक्षा शिकून घेतली, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी कुठून तरी विजेवरची रिक्षा चालवायला आणली होती.

“बाबा, मला काहीच येत नाही हो. शिकले ते सगळं वाया गेलं.”

“वाया कशाला जातंय?” पंढरी म्हणाले. “हिला क्लचच नाही, तरी माझी बोटं आपली दाबतातच. म्हणून काय आधीचं वाया गेलं? रस्ता तोच आहे ना. राहा जरा.”

ती राहिली. आणि हळूहळू तिचा डोळा उघडायला लागला. ओवेनची शिकवायची तऱ्हाच और होती. ती टक्के लिहायची, तो पदार्थ सांगायचा. हा लाल कसला? “बॉटल मसाल्याचा. आमच्याकडे उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत ठासतात ना, तो. वरच्या थराचा नाही, बुडाचा.” हा पिवळा? “आमच्या मम्मीच्या कढीचा.” आणि हा करडा? “हा मितेशभाईंचा चेहरा, पेमेंट अडकल्यावर.” ती हसायची, आणि हसता हसता तो रंग तिच्या डोक्यात कायमचा बसायचा. दोन शेडींच्या मध्ये तो तिला डोळे मिटायला लावायचा. डोळ्यालाही विसावा लागतो म्हणे.

एकदा तिने लवकर डोळे उघडले, तर तो कापडाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

“काय?” तिने विचारलं.

“काही नाही. वेळ मोजतोय.”

“घड्याळ तिकडे आहे, मास्टर.”

तो एवढा लाजला की बॉटल मसाल्याचा नमुना खिडकीत शोधायची गरज उरली नाही. विनिताने आपली वहीत मान घातली, पण त्या पानावर नंतर तिलाच काही वाचता येईना.

फेब्रुवारीत लॅबमध्ये रंग मोजायचं नवं मशीन आलं. कापडाचा तुकडा त्याच्या काचेवर ठेवला की ते कॉम्प्युटरवर आकडे दाखवायचं, कृती सुचवायचं, आणि एकच शेड उन्हात कशी दिसेल, ट्यूबखाली कशी, हेही सांगायचं. विनिता दोन दिवसांत त्याच्याशी गप्पा मारायला लागली. ओवेन मात्र त्याच्या बाजूने जाताना खांदा चोरायचा.

“मास्टर, बसा ना. दाखवते.”

“मला खाली काम आहे.”

असं आठवडाभर चाललं. शेवटी ती चिडली. “तुम्ही दीड महिना मला रोज मूर्खात काढलंत. मी पळाले का? मग तुम्हाला काय धाड भरलीय?”

तो कापडाची कड उसवायला लागला. “बारावीत दोनदा आपटलेलो मी,” तो म्हणाला. “ते सगळं इंग्रजीत आहे... आणि तू बाजूला बसून बघणार.” ‘तू’ त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं.

“मी डोळे मिटून बसते,” विनिता म्हणाली. “तू चुक हवं तेवढं.”

तो बसला. डोळे मिटायचं तिने कबूल केलं होतं खरं, पण पाळलं नाही. त्याच्या जाड, रंगाने कडा निळ्या झालेल्या बोटांना माऊस नीट धरता येत नव्हता. तिने त्यावर आपला हात ठेवून तो एकदा फिरवून दाखवला. एकदाच. तसं ते दोन सेकंदांचं काम होतं, पण त्याला जरा जास्तच वेळ लागला.

पुढची गोष्ट मार्चमधली. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी डोंबिवलीच्या एका लेझीम पथकाची ऑर्डर होती, साठ जणींना साठ सुती नऊवारी, एकाच डाळिंबी रंगात. पथकाच्या प्रमुख रंगूबाई. वय त्रेसष्ट, आवाज ताशासारखा. पहिल्या तीस नऊवारी ओवेनने पास करून दिल्या. उरलेल्या तिसांची पाळी आली तेव्हा तो चुलतबहिणीच्या लग्नाला उत्तनला गेलेला.

संध्याकाळचे सात वाजले होते. खाली रंगूबाई टेम्पोवाल्याला घेऊन बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी वर निरोप धाडत होत्या. नेहमीचा लाल रंग डब्यात संपलेला. विनिताने दुसऱ्या कंपनीचा लाल घेतला, हिशोब करून प्रमाण बदललं, तुकडा काढला, इस्त्रीने वाळवला, ट्यूबलाइटखाली धरला. तंतोतंत. बाहेर अंधारलं होतं, खिडकी काळी पडली होती. मशीनवर ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण खालून परत हाक आली, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं. मास्टर नसताना पहिली शेड! तिने पास केली. रंगूबाईंना सांगितलं, सकाळी कापड तयार.

सकाळी रंगूबाईंनी पहिल्या तिसांतली एक नऊवारी आणि एक नवी, अशा दोन घड्या अंगणात उन्हात शेजारी शेजारी उलगडल्या.

“अगं बाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ही डाळिंब. आणि ही वीट.”

मितेशभाई बाहेर आले. ओवेनही नुकताच बाईक लावून पोचला होता. “मास्टर, हे तुम्ही—” मितेशभाईंनी सुरुवात केली, आणि ओवेनने तोंड उघडलं. तो काय बोलणार हे विनिताला दिसलं. तो अंगावर घेणार होता.

“मी पास केली,” ती मध्येच म्हणाली. “मास्टर नव्हते. दुसरा लाल वापरला आणि ट्यूबखाली बघितलं. चूक माझी आहे.”

मितेशभाईंनी चष्मा काढून पुसला. “पाडव्याला सहा दिवस आहेत,” ते म्हणाले. “रस्त्यावर भर उन्हात साठ बायका नाचणार. लोकांना साठच्या साठ एक दिसल्या तर मी गप्प. नाही दिसल्या, तर विनिताबेन, आपली ट्रायल तिथेच संपली.”

ती वर गेली आणि खिडकीपाशी तोंड फिरवून उभी राहिली. डोळे भरून आले होते. नोकरी जाणार म्हणून, हे खरंच. पण नोकरी गेली की ही खिडकी जाणार, अर्धं कटलेट जाणार, ती भुवई जाणार, आणि त्यातलं नक्की कशासाठी रडू येतंय ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“रडून झालं की सांग,” मागून ओवेन म्हणाला. “ओल्या डोळ्यांनी पण शेड चुकीची दिसते.”

तिला हसू आलं, तसंच रडता रडता. “जमेल का रे?”

“वरून थोडा निळा मारावा लागेल. पण दोन लाल वेगळे आहेत. उन्हात जुळवलं तर ट्यूबखाली फरक राहणार, ट्यूबखाली जुळवलं तर उन्हात. दोन्हीकडे नाही जुळणार.”

विनिताने नाक पुसलं. विचार केला. “मग ट्यूबखाली राहू दे फरक,” ती म्हणाली. “पाडव्याची यात्रा सकाळी निघते. त्या साठ जणी काय ट्यूबखाली नाचणार आहेत?”

ओवेनने तिच्याकडे असं पाहिलं, की ती उगाच पदर नसताना पदर सावरायला गेली. “हे मला नसतं सुचलं,” तो म्हणाला. “मी दोन्हीकडे जुळवायच्या नादात तीस नऊवारी जाळल्या असत्या.”

मग मशीनपुढे तो बसला आणि खिडकीत ती. त्याने उजेड ‘दिवसाचा’ लावून आकडे वाचले, इंग्रजी, मोठ्याने, अडखळत. तिने डोळ्याने बघून सांगितलं, अजून थोडं, बुडाच्या मसाल्याकडे. सात तुकडे फुकट गेले. आठवा तिने वाळवला, गच्चीत नेला, दुपारी पुन्हा बघितला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघितला, आणि मग सही केली. कापड गेलं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी ती पर्स आवरत होती. लॅबमध्ये ट्यूब लागल्या होत्या. ओवेनने तिच्यापुढे एक कार्ड ठेवलं. नेहमीचंच, पुठ्ठ्याचं. ए, बी, सी. तीन तुकडे. वर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलेलं, ‘विनिता’. खाली त्याच्या वाकड्या अक्षरात, ‘धुण्याला पक्का. उन्हाला पक्का. घामाला पक्का.’

तिने तिन्ही तुकड्यांवरून बोट फिरवलं. “तिन्ही सारखेच आहेत की,” ती कसंबसं म्हणाली.

“हो. मला... दुसरा पर्याय काढता आला नाही.” तो जमिनीकडे बघत होता. “उद्या नोकरी राहो, न राहो. ते वेगळं. हे वेगळं. तुझं उत्तर काय ते—”

तिला आत्ताच्या आत्ता हो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. तिने कार्ड उचललं, वर ट्यूबकडे पाहिलं, आणि पर्समध्ये टाकलं.

“उद्या उन्हात बघून सांगते,” ती म्हणाली.

“अगं पण...”

“दिव्याखाली बघून हो म्हणायचं नाही. कोणीतरी शिकवलंय मला.”

बिचारा मास्टर. स्वतःच्याच नियमात असा अडकला, की जिना उतरेपर्यंत त्याला हसावं की हातापाया पडावं कळेना.

सकाळी पंढरींनी तिला विजेच्या रिक्षातून फडके रोडच्या तोंडाशी सोडलं आणि रिक्षा लावायला जागा शोधत गेले. उंच गुढ्या, रांगोळ्या, ढोलांचा दणका. त्या गर्दीत ओवेन आधीच येऊन उभा होता. ठाण्याहून निघायला पहाट केली असणार, डोळे तसे सांगत होते. त्याने तिला पाहिलं आणि त्याची भुवई अर्ध्यावर थांबली. तिने तो मोरपंखी कुर्ता घातला होता. ओढणी नव्हती.

तो काही विचारणार तेवढ्यात लेझीम वाजली. कोवळं ऊन सरळ रस्त्यावर पडलं होतं, आणि त्यातून रंगूबाई पुढे आल्या. मागे एकोणसाठ जणी. एक रांग गेली. दुसरी गेली. विनिता चेहरे बघतच नव्हती, नुसते काष्टे आणि पदर बघत होती. दहाव्या रांगेपर्यंत तिची नखं ओवेनच्या मनगटात रुतली होती.

“तुझ्या तीस कुठल्या?” शेवटी त्याने विचारलं.

“नाही ओळखता येत.”

“मला पण नाही,” ओवेन मास्टर म्हणाला.

रस्त्याच्या पलीकडे मितेशभाई सहकुटुंब उभे होते. त्यांनी चष्मा वर करून साठच्या साठ पाहिल्या, चष्मा खाली केला, आणि गर्दीवरून हात हलवून ओरडले, “परवा या. लेटर घेऊन जा.” रंगूबाईंनी जाता जाता तिच्याकडे बघून लेझीम एकदा जास्तीची वाजवली. लेझीम वाजवायला त्या साठाव्या वर्षी शिकल्या होत्या, आणि ते सगळ्या डोंबिवलीला सांगत असत.

विनिताने पर्समधून कार्ड काढलं. उन्हात धरलं. ए, बी, सी, तिन्ही अगदी एक. मग तिने ते आपल्या बाहीला लावलं, आणि काल ट्यूबखाली जी शंका आलेली ती खरी निघाली. मोरपंखी. तोच तिचा, पहिल्या दिवसाचा. धागाभरही फरक नाही.

“हा कुर्ता तर मी जानेवारीनंतर घातलाच नव्हता,” ती हळूच म्हणाली. “तुकडा कुठून आणलास?”

“तुकडा नव्हता.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “आठवत होता.”

तिने त्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, त्याचीच पाठ वळवून त्यावर कार्ड टेकवलं, आणि तिन्ही तुकड्यांपुढे टिक केली. सही केली. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

“तुझ्या बाबांना काय सांगायचं?” तो पाठमोराच म्हणाला. “आणि माझी मम्मी... चर्च, देऊळ, सगळं येणार गं मध्ये.”

“येऊ दे. ते अजून ओलं आहे. वाळेल हळूहळू. मग दाखवू.” लांबून पंढरी रिक्षा लावून गर्दीतून वाट काढत येताना दिसत होते. तिने कार्ड ओवेनच्या हातात दिलं. “आधी हे वाच.”

त्याने वाचलं. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘पास. याच रंगात अडीच मीटर पाठवणे.’

“अडीच मीटर कशाला?”

“ओढणीला,” विनिता म्हणाली. “जानेवारीपासून चुकलेली आहे.”